तारेच्या टोकाची गोष्ट : छोटे कनेक्टर ओळखावे कसे, आणावे कुठून आणि बनवावे कसे

नरकासुराच्या रात्री प्रतिमेचा हात मध्येच हलायचा थांबला, की मंडळातील मुले आधी मोटरला दोष देतात, मग बॅटरीला. टॉर्चच्या उजेडात शोध घेतल्यावर दोष बहुधा निराळ्याच जागी सापडतो : पीळ देऊन जोडलेल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन तारांच्या सांध्यात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील रोबोगाडीचेही असेच होते. घरी धावणारी गाडी परीक्षकांसमोर हट्टाने उभी राहते आणि परत घरी आणली की पुन्हा धावू लागते. सर्किट बरोबर असते, प्रोग्रामही बरोबर असतो. तार आणि पिन यांच्यामधला स्पर्श तेवढा भरवशाचा नसतो. ‘केअर्स’ योजनेमुळे राज्यातील शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स पोहोचले, घरोघरी आर्डुइनोचे बोर्ड दिसू लागले. पण त्या बोर्डाला जोडायच्या तारेच्या टोकाविषयी कोणी फारसे बोलत नाही. काही रुपयांची ही वस्तू निष्काळजीपणे निवडली, तर महिनाभराची मेहनत वाया जाते आणि लिथियम बॅटरी असेल तर त्याहून वाईटही घडू शकते.

कनेक्टर म्हणजे पुन्हा पुन्हा उघडता येईल असा विजेचा सांधा. त्याचे तीन भाग असतात. तारेच्या टोकाला आवळून बसवायचा धातूचा छोटा तुकडा म्हणजे टर्मिनल. अशी टर्मिनले ज्यात सरकवून अडकवतात ते प्लास्टिकचे घर म्हणजे हाउसिंग. आणि बोर्डावर पक्का बसलेला, पिना वर काढलेला भाग म्हणजे हेडर. कनेक्टरची ओळख पटवणारे मुख्य माप म्हणजे पिच, अर्थात शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. दुकानात जाण्यापूर्वी हे अंतर मोजलेले असावे. दोन पिनांमधले अंतर मोजण्यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या पिनेतील अंतर मोजून, पिनांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याने त्याला भागावे. साध्या पट्टीनेही पुरेसे अचूक उत्तर येते.

नावांचा गुंता

या क्षेत्रातील निम्मा गोंधळ नावांचा आहे. आपल्या बाजारात ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर पिचच्या पिनांच्या पट्टीला ‘बर्ग स्ट्रिप’ म्हणतात आणि तिच्यावर बसणाऱ्या काळ्या घरांच्या तारांना ‘ड्युपाँट वायर’ किंवा नुसते ‘जंपर’. ही दोन्ही नावे एकाच घराण्यातली. बर्ग इलेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकी कंपनी ड्युपाँट या रसायन उद्योगसमूहाने १९७२ मध्ये घेतली आणि तिचे मिनी-पीव्ही नावाचे कनेक्टर पुढे ड्युपाँट म्हणून ओळखले जाऊ लागले. ड्युपाँटने १९९३ मध्ये हा व्यवसाय सोडला, तो १९९८ मध्ये एफसीआयकडे आणि २०१६ मध्ये अँफेनॉलकडे गेला. आज ज्याला आपण ड्युपाँट कनेक्टर म्हणतो, त्याच्याशी ड्युपाँटचा काहीही संबंध उरलेला नाही. बाजारात मिळतात त्या बहुतेक त्या नमुन्याच्या नकला आहेत.

याच २.५४ मिलिमीटर पिचमधला, एका बाजूने कुसू असलेला पांढरा कनेक्टर आपल्याकडे ‘रिलीमेट’ या नावाने विकला जातो. रचनेने तो मोलेक्स कंपनीच्या केके मालिकेच्या जातीचा. उलटा बसत नाही, झिरो बोर्डाच्या भोकांत नेमका उतरतो आणि लहान गावातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते. नवशिक्याने पहिला कनेक्टर म्हणून हाच घ्यावा, असे माझे मत आहे. मराठीत त्याला जोडणी-खोबणी वगैरे म्हणण्याचा मोह भाषेच्या पदवीधराला होतो खरा, पण काउंटरवर ‘चार पिनांचे रिलीमेट, मेल-फिमेल’ एवढेच म्हटलेले बरे.

सर्वांत जास्त घोळ ‘जेएसटी’ या शब्दाने घातला आहे. जेएसटी हे कनेक्टरचे नाव नसून ओसाकामध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या जपानी कंपनीचे नाव आहे. या आद्याक्षरांचा अर्थच मुळी डाख न देता, आवळून बसवायची जपानी टर्मिनले असा होतो. ही कंपनी कितीतरी मालिका बनवते आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. म्हणून ‘दोन पिनांचा जेएसटी द्या’ म्हणणे हे कापडाच्या दुकानात जाऊन ‘एक निळे द्या’ म्हणण्यासारखे आहे.

छंदाच्या कामात यांतल्या मोजक्याच मालिका पुन्हा पुन्हा भेटतात. एक्सएच मालिकेचा पिच २.५ मिलिमीटर, २२ गेजच्या तारेसह ती ३ अँपिअरपर्यंत प्रवाह नेते. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या अनेक पेशी समतोल चार्ज करण्यासाठी जी पांढरी बारीक जोडणी असते ती बहुधा हीच, आणि तिच्यात पेशींच्या संख्येपेक्षा एक पिन जास्त असते. पीएच मालिकेचा पिच २.० मिलिमीटर, क्षमता २४ गेजच्या तारेसह २ अँपिअर. एकाच पेशीच्या लहान बॅटरीला आणि तिच्या चार्जिंग बोर्डाला ही दिसते. एसएच मालिका केवळ १ मिलिमीटर पिचची आणि १ अँपिअरची. संवेदकांचे छोटे बोर्ड एकमेकांना डाख न देता जोडण्यासाठी क्विक आणि स्टेमा क्यूटी या पद्धती निघाल्या, त्यांतली चार पिनांची जोडणी ही एसएच. ती घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नये. तयार तारच घ्यावी. मोठ्या प्रवाहासाठी व्हीएच आहे, ३.९६ मिलिमीटर पिच आणि जाड तारेसह १० अँपिअर.

‘जेएसटी १.२५’ या नावाने जे विकले जाते ते बहुतेकदा जेएसटीचे नसतेच, मोलेक्सच्या पिकोब्लेडची ती नक्कल असते. जेएसटीचीही १.२५ मिलिमीटर पिचची जीएच मालिका आहे, पण ती पिकोब्लेडमध्ये बसत नाही. नावावर विसंबून मागवलेले पाकीट हाती आल्यावर हा शोध लागतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२.५ आणि २.५४ यांतला फरक नगण्य वाटतो. दोन-तीन पिनांना तो खरोखरच नगण्य असतो आणि एक्सएचचे हेडर झिरो बोर्डावर निमूट बसते. पण फरक साचत जातो. दहा पिनांच्या हेडरमध्ये पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत नऊ अंतरे पडतात, म्हणजे ०.३६ मिलिमीटरची तफावत. तिथे हेडर जोर लावून बसवावे लागते आणि पिना तिरक्या होतात.

तारेचे माप : आपल्या बाजाराची भाषा निराळी

कनेक्टरच्या माहितीपत्रकात तारेचे माप अमेरिकी गेजमध्ये, म्हणजे एडब्ल्यूजीत दिलेले असते. आपल्या दुकानात मात्र तार ‘७/३६’, ‘१४/३८’ अशा भाषेत मिळते. पहिला आकडा तारेतील बारीक तंतूंची संख्या, दुसरा प्रत्येक तंतूचा ब्रिटिश स्टँडर्ड गेज. या दोन भाषांची सांगड घातली नाही, तर टर्मिनल एक आणि तार दुसरीच अशी गत होते.

हिशेब अवघड नाही. ३६ गेजचा तंतू ०.१९३ मिलिमीटर व्यासाचा, ३८ गेजचा ०.१५२ मिलिमीटरचा. त्यावरून ७/३६ तारेचे क्षेत्रफळ साधारण ०.२०५ चौरस मिलिमीटर येते, म्हणजे जवळजवळ अचूक २४ एडब्ल्यूजी. ७/३८ तार ०.१२७ चौरस मिलिमीटरची, म्हणजे २६ एडब्ल्यूजीच्या बरोबरीची. १४/३८ तार ०.२५५ चौरस मिलिमीटरची, २४ आणि २२ यांच्या मध्ये. १४/३६ तार ०.४१ चौरस मिलिमीटरची, ती २२ एडब्ल्यूजीपेक्षा जाड ठरते.

आता एक्सएचचे नेहमीचे टर्मिनल २८ ते २२ एडब्ल्यूजीच्या तारेसाठी आणि ०.९ ते १.९ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या आवरणासाठी असते. त्यात ७/३६ आणि १४/३८ या तारा उत्तम बसतात. १४/३६ मात्र घेऊ नये, तिला आवळताना टर्मिनलचे पंख मिटत नाहीत. पीएचचे टर्मिनल ३० ते २४ एडब्ल्यूजी आणि ०.८ ते १.५ मिलिमीटर आवरणासाठी. त्याला ७/३८ किंवा ७/३६ योग्य. आवरणाचा व्यास दुकानातच तपासावा, कारण तंतू तेवढेच असले तरी आवरणाची जाडी उत्पादकागणिक बदलते. एकच वेटोळे घ्यायचे असेल तर ७/३६ घ्यावे. लहान प्रकल्पांची बहुतेक कामे त्यात निभतात. एकेरी घन तार हलत्या भागाला कधीही वापरू नये. ती मानेशी मोडते.

कुठून आणावे

पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा येथे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीला सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानांत बर्ग स्ट्रिप, रिलीमेट आणि जंपर यांची चौकशी जरूर करावी. एक्सएच-पीएचची टर्मिनले सुटी हवी असतील तर मात्र सहसा राज्याबाहेर पाहावे लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग), पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आणि बंगळुरूचा एसपी रोड ही तीन ठिकाणे गोवेकराच्या आवाक्यातली. कोणी नातेवाईक तिकडे निघाला असेल तर त्याच्या हाती यादी देताना मालिका, पिच, पिनांची संख्या आणि ‘टर्मिनलसह’ हा शब्द ठळक लिहावा. नुसती घरे आली आणि टर्मिनले राहिली, असा प्रकार फार होतो.

ऑनलाइन मागवताना शेकडो तुकड्यांचे मिश्र डबे मोहात पाडतात. त्यांतली घरे चालून जातात. टर्मिनलांचा पत्रा मात्र पातळ असू शकतो आणि एक-दोनदा काढघाल केल्यावर पकड सैल पडते. ज्या कामात बिघाड परवडणार नाही तिथे मूळ उत्पादकाचा माल मोठ्या वितरकाकडून क्रमांकानिशी मागवावा. एक्सएचसाठी दोन पिनांचे घर एक्सएचपी-२, टर्मिनल एसएक्सएच-००१टी-पी०.६, बोर्डावरचे उभे हेडर बी२बी-एक्सएच-ए. पीएचसाठी अनुक्रमे पीएचआर-२, एसपीएच-००२टी-पी०.५एस आणि बी२बी-पीएच-के-एस. हे क्रमांक कटकटीचे दिसतात, पण त्यांच्यामुळे चूक टळते.

तिसरा स्रोत घरातच असतो. भंगारात निघालेले प्रिंटर, सीडी ड्राइव्ह आणि संगणकाचे पंखे यांच्या पोटात कारखान्यात नीट आवळलेले कनेक्टर असतात. ते कापताना तार शक्य तितकी लांब ठेवावी, म्हणजे नवी तार दूरवर डाख देऊन जोडता येते आणि मूळ सांधा अबाधित राहतो. हेडरही बोर्डावरून उतरवून घ्यावे. जोडीदार बरोबर असला की माप शोधण्याचा प्रश्नच मिटतो.

क्रिंपिंग : आवळण्याची विद्या

टर्मिनल जवळून पाहिले तर त्याला पंखांच्या दोन जोड्या दिसतात. पुढची, आखूड जोडी उघड्या तांब्याला धरते. मागची, उंच जोडी आवरणाला कवटाळते. वीज वाहते ती पुढच्या जोडीतून, ओढ सहन करते ती मागची जोडी. नीट आवळलेल्या सांध्यात तंतू आणि पत्रा इतके घट्ट दाबले जातात की मधे हवेलाही वाव राहत नाही, त्यामुळे आत गंज शिरत नाही.

आवरण सुमारे २ मिलिमीटर सोलावे. एकही तंतू कापला जाऊ नये. कापला गेला तर टोक छाटून पुन्हा सोलावे. रॅचेट असलेल्या क्रिंपिंग पक्कडीच्या योग्य खाचेत टर्मिनल ठेवावे, ‘एम’ अक्षरासारख्या खळग्याकडे पंखांची टोके येतील असे. पक्कड एक-दोन दात इतकीच मिटावी, म्हणजे टर्मिनल पडत नाही. मग तार आत सरकवून, रॅचेट स्वतःहून सुटेपर्यंत दाबावे. ड्युपाँटच्या मादी टर्मिनलचा पुढचा डबीसारखा भाग पक्कडीच्या बाहेर राहिला पाहिजे. तो चेपला की पिन आत जात नाही, किंवा गेली तर पकडत नाही. नवशिक्यांची बहुतेक टर्मिनले इथेच वाया जातात. पहिली दहा-पंधरा टर्मिनले सरावासाठी खर्ची पडतील असे धरूनच चालावे.

सांधा भिंगातून पाहावा. पुढच्या पंखांच्या पुढे तंतूंची टोके किंचित डोकावली पाहिजेत आणि दोन जोड्यांच्या मधल्या फटीत थोडे तांबे व थोडे आवरण असे दोन्ही दिसले पाहिजे. फटीत केवळ आवरण दिसत असेल तर पुढचे पंख प्लास्टिकला चावत आहेत असे समजावे. हाच तो सांधा, जो घरी चालतो आणि प्रदर्शनात चालत नाही. शेवटी तारेला बोटांनी बेताचा हिसका द्यावा. निघाली तर आताच निघू दे.

पक्कड कोणती? उत्पादकाची अधिकृत पक्कड छंदासाठी परवडत नाही. बाजारात मिळणारी एसएन-२८बी ड्युपाँट आणि रिलीमेटला पुरते. एक्सएचलाही जरा सांभाळून चालते. पीएचसारख्या बारीक टर्मिनलांना इंजिनिअर या जपानी कंपनीची पीए-०९ अधिक बरी, पण तिच्यात पंखांच्या दोन्ही जोड्या वेगवेगळ्या दाबाव्या लागतात.

आवळलेल्या टर्मिनलवर वरून डाख द्यावा का, यावर कारागिरांत वाद आहे. आवळण्याआधी तारेला कथिल लावणे मात्र निश्चित चूक. नासाच्या कारागिरी मानकात, कथिल लावलेली तंतूंची तार क्रिंप करण्यास स्पष्ट मनाई आहे. कथिल मऊ असते, दाबाखाली काळानुसार हळूहळू सरकते आणि सांधा सैल होतो. वरून दिलेला डाखही तंतूंमधून मागे झिरपतो, तेवढी तार ताठ होते आणि जिथे ताठरपणा संपतो तिथेच पुढे मोडते. तरीही ज्याच्याकडे फक्त अणकुचीदार पक्कड आहे, त्याने पंख एकेक करून मिटवले आणि पुढच्या जोडीवर डाखाचा एक बारीकसा थेंब दिला, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पक्कडीने मिटवलेल्या पंखांचा दाब पुरेसा नसतो, त्यामुळे तिथे डाख हे कमी वाईट ठरते.

टर्मिनल चुकीच्या घरात गेले तर ओढू नये. ड्युपाँटच्या घराला प्लास्टिकची जीभ असते, ती सुईने उचलली की टर्मिनल मागे सरकते. एक्सएचमध्ये उलट, तिथे जीभ टर्मिनललाच असते आणि घराच्या खिडकीतून ती आत दाबावी लागते.

कनेक्टर नसताना

बर्ग स्ट्रिप हवी तितक्या पिनांची तोडून, तारा डाखाने जोडून, प्रत्येक पिनेवर हीट श्रिंक नळी चढवली की नराचा कनेक्टर तयार होतो. जोडीला मादी पट्टी. हिच्यात एक पिन मुद्दाम कापून टाकावी आणि समोरचे भोक आगकाडीच्या टोकाने बुजवावे. मग उलटे जोडणे अशक्य होते. गोल पिनांच्या आयसी सॉकेटची पट्टी याहून सुबक. ती नाजूक असते, पण पकड छान. संवेदकाच्या तारेला तिच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ दुसरे काही नाही. एकदाच करायच्या प्रकल्पासाठी मात्र आधीच क्रिंप केलेल्या तारा विकत घेणेच शहाणपणाचे.

स्वस्त जंपरांविषयी थोडे. त्यांतल्या काहींत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम किंवा पोलाद असते. पोलाद असेल तर लोहचुंबकाला तार चिकटते. संदेश वाहण्यास त्या पुरतात, सर्वो मोटरला वीज देण्यास नव्हेत. २८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेचाही रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या जाण्या-येण्याच्या तारांत १ अँपिअरला ०.१३ व्होल्ट खर्ची पडतात. भेसळीच्या बारीक तारेत हा आकडा कितीतरी वाढतो, आणि मोटर सुरू होताच बोर्ड आपोआप रीसेट होऊ लागतो. नरकासुराच्या हातासाठी गाडीच्या वायपरची मोटर वापरतात, ती तर कित्येक अँपिअर ओढते. तिथे यांतले काहीच नको. जाड तार आणि स्क्रूची टर्मिनल पट्टी हवी. घरातील २३० व्होल्टच्या विजेला यांतला एकही कनेक्टर लावू नये, माहितीपत्रकावर आकडा काहीही छापलेला असो.

लिथियम बॅटरी आणि खारी हवा

एका पेशीच्या बॅटरीवर दोन पिनांचा पीएच कनेक्टर असतो, पण त्यातली धन बाजू कोणती याचा सर्वमान्य नियम नाही. एका विक्रेत्याची बॅटरी दुसऱ्याच्या बोर्डाला उलटी पडू शकते. कनेक्टर नीट बसतो, तार लाल-काळी असते आणि तरीही बोर्ड क्षणात जळतो. म्हणून प्रत्येक नवी बॅटरी बोर्डाला जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासावी. उलटी निघाली तर टर्मिनले घरातून काढून अदलाबदल करावीत, एका वेळी एकच, आणि मोकळ्या टर्मिनलवर लगेच चिकटपट्टी लावावी. बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कात्रीने कापणे हा तर शॉर्टसर्किटचा हमखास मार्ग. कात्रीच दोन तारांना जोडते.

आपल्या किनाऱ्यावरची दमट, खारी हवा कनेक्टरांना मानवत नाही. टर्मिनलांवर साधारणतः कथिलाचा मुलामा असतो. सांधा सतत थरथरत राहिला, तर मुलामा सूक्ष्म प्रमाणात घासला जाऊन काळपट भुकटी साचते आणि रोध वाढतो. सोन्याचा मुलामा यात टिकतो, मात्र सोन्याची पिन आणि कथिलाचे टर्मिनल अशी जोडी जमवू नये; दोन्ही बाजू एकाच धातूच्या असाव्यात. उघड्यावरच्या कामात कनेक्टर डबीत ठेवावा आणि तार डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, आत येत नाही. तार डबीशी पट्टीने बांधावी. ओढ कनेक्टरवर कधीच येता कामा नये.

सगळे जोडून झाल्यावर मल्टिमीटर सलगतेच्या आवाजावर लावावा, त्याच्या सळया तारेच्या दोन टोकांना टेकवाव्यात आणि दुसऱ्या कुणाला कनेक्टरजवळची तार चहूबाजूंनी वाकवत राहायला सांगावे. आवाज एकदा जरी तुटला, तरी ते टर्मिनल दाबून सुधारण्याचा प्रयत्न करू नये. कापून टाकावे, तार पुन्हा २ मिलिमीटर सोलावी आणि नवे बसवावे.